उलट्या लवेचा पडदा

तो पडदा माझ्या धाकट्या बहिणीनं उलटा शिवला, हे मी गेली चौदा वर्षं भेटेल त्याला सांगत आले. आमच्या ह्यांना तर इतक्यांदा सांगितलंय की मी नुसतं 'मखमल' म्हटलं तरी ते चष्मा काढून डोळे मिटून घेतात. घेऊ देत. ज्यांनी जन्मभर बस चालवली त्यांना कापडातलं काय कळणार?

तुम्हाला मात्र आधी कापडातलंच सांगते, म्हणजे पुढचं भांडण समजेल. मखमलीला लव असते. एका बाजूनं हात फिरवला तर मांजराच्या पाठीसारखी मऊ लागते, उलट्या बाजूनं फिरवला तर खरखरीत. एका खिडकीला दोन पडदे लावायचे तर दोन्हींची लव वरून खाली, एकाच दिशेला हवी. एकाची उलटी झाली की एकाच ताग्यातलं कापड असूनही एक पडदा फिका दिसतो आणि दुसरा काळपट. म्हणून कापड बेतणारीनं हातानं लव बघायची आणि प्रत्येक तुकड्याच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यात, खडूनं बाण काढायचा. बाणाचं टोक लव जिकडे जाते तिकडे. शिवणारीनं ते टोक खाली धरून पडदा शिवायचा, वरून अस्तर लावायचं, की झालं काम. आमच्या पडद्यांच्या दुकानात बेतणारी मी आणि शिवणारी धाकटी. बावीस वर्षं आम्ही एका टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या होतो.

मला चाळिशी पस्तिशीतच लागली. कात्री धरायला डोळे चालायचे, पण सुईच्या नेढ्यात दोरा जाईल तर शपथ. म्हणून धाकटी रोज सकाळी दुकान उघडल्या उघडल्या बारा सुया ओवून माझ्या टाचणीच्या उशीत टोचून ठेवायची. मी कधी सांगितलं नाही, तिनं कधी बोलून दाखवलं नाही. आणखी एक पद्धत होती आमची. हातशिलाई अर्धवट टाकून उठावं लागलं, तर ओवलेली सुई तिथंच कापडात टोचून जायचं. म्हणजे 'इथून पुढे तू'. दुसरी यायची, सुई उचलायची, पुढे शिवायला लागायची.

आणि मग त्या हवेलीचं काम आलं. गावाबाहेर बागेत उभी असलेली तीन मजली दगडी हवेली, अकरा खिडक्या, सगळीकडे गडद लाल मखमल. दोन महिने आम्ही मान वर केली नाही. पडदे टांगायच्या दिवशी पूर्वेकडच्या खोलीत, सगळ्यांत मोठ्या खिडकीसमोर मालकीणबाई उभ्या राहिल्या. मान इकडे कलली, तिकडे कलली, आणि म्हणाल्या, "हा डावा काळपट का दिसतो हो?"

मी हात फिरवला. लव उलटी! शिडीवरचे दोन गडी बघत होते, दारात स्वयंपाकीण उभी होती. मी कुणाकडे पाहिलं नाही, सरळ धाकटीवर कडाडले, "उलटा शिवलास! डोळे फुटले होते का तुझे?"

ती एवढंच म्हणाली, "ताई, बाण तसाच होता."

मालकीणबाईंकडे दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते. त्या म्हणाल्या, राहू द्या, कोण बघतंय. पडदा तसाच राहिला. राहिलेलं काम धाकटीनं पुरं केलं, शेवटच्या दिवशी अंगठीसारखं बोटात असणारं ते शिवणाचं टोपण काढून टेबलावर ठेवलं, आणि नवऱ्याच्या गावी जाऊन स्वतःचं दुकान टाकलं. त्यानंतर आम्ही चौदा वर्षांत चार-पाचदा भेटलो, त्याही लग्नकार्यात. तिथं मी पंगतीच्या ह्या टोकाला, ती त्या टोकाला.

मागच्या गुरुवारी भाचीचा फोन आला. धाकटीची मुलगी, बोलायला अगदी सरळसोट. म्हणाली, "मावशी, आईचा एक डोळा तर गेलाच. दुसऱ्याचं ऑपरेशन मंगळवारी आहे. डॉक्टर म्हणतात, जमलं तर जमलं, नाहीतर आत्ता दिसतंय तेवढंही जाईल. त्याआधी तिला एकदा तुला बघायचंय."

"असं ती म्हणाली?"

"म्हणाली नाही. तुझा जुना फोटो भिंगाखाली धरून बसते."

खोटं कशाला सांगू, 'डोळे फुटले होते का' हे माझेच शब्द माझ्या कानात वाजायला लागले. पण तोंडातून निघालं काय? "तिनं एकदा म्हणावं की ताई, पडदा माझ्या हातून चुकला. मी आहे त्या पावली निघते."

"कमाल आहे तुझी," भाची म्हणाली आणि तिनं फोन ठेवून दिला.

संध्याकाळभर मी घरात आदळआपट केली. मग मला आठवलं की त्या हवेलीत आता लोकांना उतरायला देतात. मालकीणबाई गेल्या, त्यांच्या पुतण्यानं फाटकावर पाटी लावली, 'मुक्काम आणि न्याहारी'. मी फोन केला आणि पूर्वेकडची, मोठ्या खिडकीचीच खोली मागितली. पुतण्या म्हणाला, "तीच हवी? बरं, तीच ठेवतो."

"कशाला जायचंय तिथं?" ह्यांनी विचारलं.

"अस्तर उसवायचं आणि बाण बघायचा. खडूचा बाण अस्तराच्या आत तसाच असणार. टोक वर असेल तर चूक तिची, तिनं तुकडा उलटा धरला. टोक खाली असेल तर..."

"तर?"

"नसणारच खाली."

"आणि समजा टोक वर निघालं," हे म्हणाले, "तर काय करणार? पुरावा म्हणून पडदा दवाखान्यात नेणार?"

सगळ्याच प्रश्नांना उत्तर द्यायला मी काही शाळेत बसलेली नाही. पण मनात ठरलेलं होतं. टोक वर निघालं तर मी मोठ्या मनानं जाणार होते. चूक तिची असूनही आले, असं. टोक खाली निघालं तर काय करायचं ह्याचा विचारच मी केला नव्हता.

शनिवारी दुपारी आम्ही हवेलीत पोचलो. पुतण्या उंच, किडकिडीत, आणि भारी हौशी. बॅग हातातून घेण्याआधी इतिहास सुरू. ही पायरी झिजली ती एका घोड्यामुळे, हा आरसा समुद्रावरून आला. आमचे हे प्रत्येक वाक्याला "वा!" म्हणत होते. त्यांना इतिहासाचं काही नाही, त्यांचं लक्ष न्याहारीच्या पाटीकडे होतं. पाटीवर लिहिलं होतं: अंडी हवी तशी, ताजा पाव, तीन प्रकारचे मुरंबे, चहा लागेल तितका.

खोलीत आलो. पलंग उंच, चढायला लाकडी पायरी. कपाटाला जुन्या लाकडाचा वास. आणि समोर ती खिडकी, दोन्ही बाजूंना पडदे, डावा काळपट, उजवा फिका. चौदा वर्षांत दोन्ही विटले होते, पण आपापल्या परीनं. माझ्या हातचं कापड मी लगेच ओळखलं. आपल्या मुलाला गर्दीत ओळखावं तसं. आणि त्याच क्षणी राग पण आला.

"हे पडदे म्हणजे ह्या घराची शान," पुतण्या म्हणाला. "नीट बघा, दोन रंग आहेत. फिका तो सकाळचा, गडद तो संध्याकाळचा. जुन्या कारागिरांनी मुद्दाम तसे विणून घेतले. शंभर वर्षं तरी झाली असतील."

"शंभर?" मी म्हटलं.

"जास्तच. आता अशी माणसं कुठं राहिलीत?"

ह्यांनी मला कोपरानं ढोसलं आणि खिडकीबाहेर बघत खोकल्यासारखं केलं. खोकला कसला, हसत होते. मी जिवंतपणी शंभरीची झाले, आणि वर माझी चूक इतिहासात गेली!

त्या दिवशी काही मी पडद्याला हात लावला नाही. पुतण्याचा इतिहास संपेपर्यंत दिवे लागले होते, आणि दिव्याच्या उजेडात मखमल फसवते. रात्री उंच पलंगावर ह्यांना गाढ झोप लागली. मी अधूनमधून डोळे उघडून खिडकीकडे बघत होते. पहाटे केव्हातरी मलाही लागली.

सकाळी खालून भाजक्या पावाचा वास यायला लागला. "तुम्ही व्हा पुढे," मी ह्यांना म्हटलं. "मी आलेच." ते इतक्या तत्परतेनं गेले की चपला पण उलट्या घातल्या.

मी छोटी कात्री काढली, चष्मा लावला, डाव्या पडद्याशी जमिनीवर बसले. गुडघ्यांनी कुरकुर केली, केली तर केली. खालचा कोपरा उलटवला. अस्तराची तुरपाई धाकटीची, वादच नाही. तिळाएवढे टाके, एकाला दुसरा भाऊ. इतकी स्वच्छ शिलाई मी पुढे कुणाकडून करून घेऊ शकले नाही, दुकानात सात मुली ठेवून पाहिल्या.

पण एक गोष्ट लक्षात आली. सगळीकडचा दोरा विटून तपकिरी झालेला, कोपऱ्यातला चार बोटं मात्र अजून लालसर. टाका तोच, हात तोच, दोरा नंतरचा. मला वाटलं उजेडानं भास होतोय. मी तो भाग उसवला, अस्तर बाजूला केलं आणि आत हात घातला.

टचकन बोटाला टोचलं. "आई गं!"

हात बाहेर काढला. बोटावर रक्ताचा एक थेंब आला होता. मग अस्तर आणखी उचललं आणि आत डोकावले.

बाण होता. पांढरा, जाडसर, माझ्या हातचा, शेपटीला फराटा मारायची माझी सवय आहे तसाच. टोक खाली होतं. मी त्याच जागी मखमलीच्या बाजूनं हात फिरवला. लव वर जात होती, बाण खाली. म्हणजे बाणच चुकीचा काढलेला. मीच काढलेला.

आणि बाणाच्या बाजूला, जिथं माझा हात पहिल्यांदा जाणार होता अगदी तिथं, एक सुई टोचलेली होती. ओवलेली. गडद लाल दोरा, वीतभर दुहेरी, टोकाला गाठ मारलेली. सुईला मेण चोळलं होतं, म्हणून गंज चढला नव्हता.

मी भिंतीला टेकून बसले. तिनं येऊन बघितलं होतं. तिला कळलं होतं चूक माझी आहे. मला तोंडघशी पाडायला एक फोन पुरला असता. दुसरी कुणी असती तर ढोल बडवला असता, मी असते तर नक्की बडवला असता. हिनं काय केलं, तर अस्तर परत शिवलं, आणि ताईला एक दिवस उसवायची बुद्धी होईल, तेव्हा तिला सुई ओवता येणार नाही, म्हणून ओवून ठेवली.

मला रडू फुटलं. मी रडणाऱ्यातली नाही. पण त्या दिवशी पडद्याच्या टोकानं नाक पुसायची वेळ आली, आणि मखमलीनं नाक पुसणं किती वाईट ते मी सांगायला नको.

दारावर टकटक झाली. पुतण्या चहाचा कप घेऊन उभा. "काकू, काका म्हणाले तुम्ही..." आणि त्याची नजर गेली. जमिनीवर मी, हातात कात्री, शंभर वर्षांचा पडदा उसवलेला.

"तुमची शंभर वर्षं चौदा आहेत," मी म्हटलं. "मी बेतलाय हा पडदा. आणि तो मुद्दाम दोन रंगांचा नाही, मी चुकले म्हणून दोन रंगांचा आहे."

मला वाटलं आता आरडाओरडा करणार. त्यानं कप खाली ठेवला आणि समोर चक्क मांडी घालून बसला. "म्हणजे तुम्हीच त्या!" म्हणाला.

"कोण त्या?"

"सहा वर्षांपूर्वी एक बाई एकट्याच आल्या होत्या. हीच खोली हवी म्हणाल्या, एकच रात्र. जाताना मी सांगितलं की हे पडदे आता काढून टाकणार आहे, नवीन लावणार. तर त्या म्हणाल्या, एवढे दोन काढू नका. ते बघायला एक बाई येईल. मी विचारलं, कधी? तर म्हणाल्या, हट्टी आहे, वेळ लागेल." तो हसला. "बाकी नऊ खिडक्यांचे मी बदलले. दहाव्याला पैसे संपले, त्या बैठकीच्या खोलीत अजून तुमचेच आहेत. पण हे काढले नाहीत. लोक विचारायचे दोन रंग का, म्हणून मग ते सकाळ-संध्याकाळचं..."

"बरं रचलंत," मी म्हटलं. "असंच सांगत जा. खरं ऐकून कुणाची न्याहारी गोड होणार आहे?"

तो गेल्यावर मी ती सुई उचलली. चार बोटं तुरपाई करायला मला पाऊण तास लागला. तिच्या टाक्यांशेजारी माझे टाके म्हणजे मोत्यांशेजारी चणे. पण शिवलं. दोरा अगदी पुरला, दोन बोटं उरला. तेवढा तिनं मापूनच घेतला असणार.

मग भाचीला फोन लावला. "आईला दे," म्हटलं. तिकडे खुडबुड झाली, कुणीतरी खुर्ची ओढली.

"हं," धाकटी म्हणाली. चौदा वर्षांनी फोनवर तिचा पहिला शब्द 'हं'.

"सुई मिळाली," मी म्हटलं.

ती म्हणाली, "गंजली होती का?"

"नाही. मेण लावलं होतंस ना."

"लावलं होतं."

"धाकटे, बाण माझाच चुकला होता गं. आणि मी तुला नको ते बोलले. तेही सगळ्यांसमोर."

"हात मीही फिरवून बघितला नव्हता," ती म्हणाली. "बघितला असता तर तिथंच कळलं असतं. तुझा बाण म्हटल्यावर मी कधी बघायचेच नाही." मग हळूच, "येतेस का?"

"निघालेच."

खाली गेले तेव्हा हे तिसऱ्या मुरंब्यापर्यंत आले होते. "चला," मी म्हटलं, "बॅग भरा."

"अगं, उद्याची न्याहारी आहे ना अजून!"

"टोक खाली निघालं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, हातातला पाव तसाच ताटलीत ठेवला आणि उठले. बायकोची चूक निघाल्यावर गप्प बसायला मोठं मन लागतं, हे मी त्या दिवशी मान्य केलं. पुतण्यानं वाटेसाठी दोन अंडी आणि पाव बांधून दिला, तेव्हा मात्र ते पुन्हा "वा!" म्हणाले.

संध्याकाळी आम्ही धाकटीकडे पोचलो. ती दारातच उभी होती. माझा चेहरा तिनं दोन्ही हातांत धरला, खिडकीच्या उजेडाकडे वळवला, आणि कापड बघावं तसा अगदी जवळून, इकडून तिकडून बघितला. "पांढरी झालीस गं," म्हणाली. "आणि जाडी."

"तू काय मोठी चवळीची शेंग राहिलीस," मी म्हटलं.

सोमवारी दिवसभर मी तिच्या दुकानात बसून एकच काम केलं. चष्म्यावर तिचं भिंग धरून बारा सुया ओवल्या. पहिलीला वीस मिनिटं लागली. भाची दोनदा म्हणाली, मावशी, आण इकडे, मी ओवून देते. मी तिला हाकलून लावलं. संध्याकाळपर्यंत बाराच्या बारा तिच्या टाचणीच्या उशीत उभ्या होत्या.

मंगळवारी दवाखान्यात आत न्यायच्या आधी मी ती उशी तिच्या मांडीवर ठेवली. तिनं बोटांनी एकेक सुई चाचपली, ओठ हलवत मोजली. मग एकीचा दोरा दोन बोटांतून सावकाश ओढून बघितला. दोऱ्यालाही दिशा असते, रिळावरून सुटं झालेलं टोक ओवायचं असतं, कापलेलं नाही, नाहीतर शिवताना गुंता होतो.

"ताई," ती म्हणाली, "हिचा दोरा उलटा ओवलायस."

"असेल," मी म्हटलं. "चूक माझीच."

ती इतकी हसली की नर्स आत डोकावली आणि म्हणाली, चला आता. धाकटीनं ती सुई उशीतून काढली आणि माझ्या हातात दिली.

"परत ओव," म्हणाली. "आल्यावर बघते मी."

त्यांनी तिला आत नेलं. मी दाराबाहेरच्या बाकावर बसले, चष्मा लावला, आणि सुईतला दोरा बाहेर काढला.